शिट्टी वाजेपर्यंत

वारघडे सरांइतका भित्रा माणूस मी आजवर दुसरा पाहिला नाही. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही. एकदा त्यांच्या तोंडावरच म्हणाले होते, आणि ते "खरा हाय बाई" म्हणून चहाचा घोट घेऊन मोकळे झाले होते. आईबापांनी नाव ठेवलं होतं भीमा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, तशातली गत. अंगानं किडकिडीत, मान पुढे काढून चालायची सवय, आणि गळ्यात काळ्या दोरीत ओवलेली पत्र्याची शिट्टी. कुठेही खुट्ट झालं की आधी हात शिट्टीकडे जायचा आणि मग नजर दाराकडे.

मी घाटावरची. नेमणूक झाली ती जामसरच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत. पाड्याचं नाव लिहीत नाही, उगाच कोणाकडे बोट नको. पहिली ते आठवीची शाळा, तीन खोल्या जुन्या कौलारू आणि दोन नव्या स्लॅबच्या. पहिली-दुसरी माझ्याकडे, तीही स्लॅबच्या खोलीत. मला वाटलं, बाहेरून आलेल्या बाईला मुख्याध्यापकांनी चांगली खोली दिली. पुढे कळलं की तिथे बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

वेळापत्रकात कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण असे तीन विषय लिहिलेले असत. कागदावर तिघांची पदं होती, प्रत्यक्षात एकटे वारघडे सर. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस ते दाभोशाकडून जीपने यायचे. जीपमध्ये आत जागा असली तरी मागच्या पायरीवर उभे राहून, दांडीला धरून. पाऊस असला की डोक्यावर प्लास्टिकचा घोंगता, पण पायरी सुटायची नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आत बसला का उतराला दार एकच, बाई."

आमची पहिली भेट अशीच. मी फळ्यावर 'अ आ' काढत होते. हा माणूस न बोलता आत आला, भिंतीला तळहात लावून उभा राहिला, खिडकीचे गज हलवून पाहिले आणि मला विचारलं, "बाई, तुमच्या वर्गाला दारा किती?"

"एकच की. दिसतंय ना?"

"आन पोरां?"

"एकोणचाळीस."

त्यांनी ओठातल्या ओठात काहीतरी हिशोब केला, चेहरा पाडला आणि निघून गेले. मी मोठ्या गुरुजींना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांना विचारलं, की हे कोण. गुरुजी हसून म्हणाले, "आमचे खास विषयाचे शिक्षक. त्यांचा खास विषय घाबरणं."

मीही हसले. तेव्हा मला त्या पट्ट्यातली जमीन माहीत नव्हती.

आमच्या त्या भागात अधूनमधून जमीन हलते. रोज नाही. महिना महिना काही नसतं, आणि मग एका आठवड्यात चार वेळा. आधी आवाज येतो, खालून भरलेला ट्रक गेल्यासारखा. मग पत्रे थरथरतात, कुत्री भुंकतात आणि पायाखालचं सगळं एक क्षणभर आपलं राहत नाही. म्हातारी माणसं म्हणत, धरतरी कूस बदलते. मी पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा खुर्चीत होते. टेबलावरच्या बाटलीतलं पाणी नुसतं थरथरलं, बस, तेवढंच. पण त्यानंतर आठ दिवस मी आंघोळीला जाताना कडी लावली नाही. लाज वाटते सांगायला, पण भीतीला लाज नसते.

पाड्यावरची माणसं त्यामानाने शांत. त्यांची घरं कारवीच्या कुडाची, वरून शेणमातीनं सारवलेली. सर म्हणायचे, "कूड हालतो म्हणून राहतो, बाई. भिंत ताठ, म्हणून फाटते." आणि आमच्या खोलीच्या भिंतीला खरोखरच एक चीर होती. खिडकीच्या कोपऱ्यापासून निघून ती स्लॅबकडे गेली होती. सरांनी जुन्या उत्तरपत्रिकांच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि भाताच्या खळीनं त्या चिरेवर आडव्या चिकटवल्या. पट्टी फाटली की समजायचं, भिंत सरकली. पोरांना त्याचं कौतुक. रोज सकाळी प्रार्थनेआधी कोणीतरी बघून यायचं आणि ओरडायचं, "नाय फाटली!" मग दिवस सुरू. मी वर्गात शिकवायची ते एक डोळा त्या पट्टीवर ठेवून.

सर इतके का भितात, ते मला त्यांनीच सांगितलं. दुपारची वेळ होती, ते नेहमीप्रमाणे मोहाच्या झाडाखाली भाकरी खात होते. छपराखाली ते कधी जेवत नसत. मी चेष्टेनं म्हटलं, "सर, झाड पडलं तर?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, मी पळालो होतो."

मी येण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. त्यांचा सहावीचा तास चालू होता, चित्रकलेचा. जमीन हलली, चांगली जोरात. आणि वारघडे सर खडू टाकून धावत सुटले ते थेट या मोहाखाली येऊन थांबले. वळून पाहिलं तर मागे कोणी नाही. दारात पोरं एकमेकांत अडकलेली, एक आडवी पडलेली, तिच्यावर दुसऱ्याचा पाय. कुणाला फार लागलं नाही. पोरं तर नंतर हसत होती, सर कसे पळाले त्याची नक्कल करत होती.

"पोरां हसली," सर म्हणाले, "मना हासू नाय आला. माझी सोताची पोर, हितं मामाकडं राहून शिकायची, त्याच वर्गात होती, बाई. ती पण मना आठवली नाय. पायांना आठवली नाय."

भाकरी तशीच हातात होती. "कुणीही पळालं असतं सर," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. तसं सगळ्यांनीच त्यांना सांगून झालं होतं.

तेव्हापासून त्यांनी स्वतःला बांधून घेतलं. नियम असा की शिट्टी वाजेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. डोक्यावर दप्तर धरून बसायचं. शिट्टी वाजली की उठायचं, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि ओळीनं बाहेर पडायचं. आणि जो शिट्टी वाजवेल त्यानं दारात उभं राहायचं, बाकं बघायची आणि सगळ्यात शेवटी निघायचं. हा शेवटचा भाग त्यांनी स्वतःसाठी घातला होता. पळून जाणाऱ्या जनावराच्या गळ्यात लोढणं अडकवतात, तशी ती शिट्टी त्यांनी गळ्यात अडकवली होती.

मग काय, तिन्ही खास विषय एकच झाले. शारीरिक शिक्षणात बाहेर पडायचं. कार्यानुभवात वर्गातल्या दोऱ्या, खिळे, वर ठेवलेली जड पेटी खाली उतरवायची. गाणं वेळापत्रकात नव्हतं, ते सरांनी आपल्या पदरचं घातलं होतं. दोनच ओळी,

दार लहान, आपून लय,
हळू चाल, नको भय.

या तालावर पाय टाकायचे. धावायचं नाही. माझी पहिलीची पोरं शी-शूला जातानाही हेच गुणगुणत जायची.

आणि चित्रकला! सरांचा एकच आग्रह, चित्रात काहीही काढा, दार पाहिजे. घर काढलं तर दार आलंच, पण डोंगर काढला तरी दार पाहिजे. जमनी नावाची माझी दुसरीतली मुलगी होती, काळीभोर, सदा नाक ओढणारी. तिनं एकदा म्हैस काढली आणि म्हशीच्या पोटाला दार काढलं. सरांनी तिला शाबासकी दिली. "म्हशीत कोणी अडकला, तर निंगंल तरी."

एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्यांनी तिसरीच्या एका मुलीला उभं करून प्रेमानं विचारलं, "बाळ, कलेच्या तासाला काय शिकलीस?"

"दार."

"आणि कार्यानुभवाच्या?"

"दारातली पेटी बाजूला केली."

"बरं. आणि खेळाच्या तासाला?"

"दारातून भायर गेलो."

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी छताकडे, आणि वारघडे सरांनी, अर्थातच, दाराकडे. त्या दिवशी कार्यालयात सरांना बरीच बोलणी खावी लागली. तालुक्याला समूहनृत्य न्यायचं होतं, हस्तकलेचं प्रदर्शन होतं, आणि आमची शाळा तिथे काय मांडणार, दार? सर खाली मान घालून ऐकत होते. दारातच उभे होते, आत यायचं नाव नाही. शेवटी म्हणाले, "नाच बसवतो सायेब. पण मैदानात." आणि त्यांनी तो बसवलाही, वाईट नव्हता. नाचाच्या शेवटी सगळी पोरं खांद्यावर हात ठेवून ओळीनं बाहेर जायची.

मला खरं सांगायचं तर तेव्हा त्यांचा थोडा रागही यायचा. लहान पोरांच्या मनात एवढी भीती कशाला भरायची? मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "भीती शिकवत नाय बाई. ती आयती हाय. तिला रांगेत उभा करतो."

त्या सोमवारी पट्टी फाटली.

जमनीच सांगत आली. मधली, पेन्सिलीनं तारीख टाकलेली पट्टी अर्ध्यातून गेली होती. सरांनी ती दोन बोटांनी उचलून पाहिली आणि गुरुजींना बोलावून आणलं. गुरुजींनी त्याच दिवशी वर पत्र लिहिलं. वर्ग कुठे हलवायचा, पडवीत पाऊस येतो, समाजमंदिरात कुणाचं तरी भात ठेवलेलं, बुधवारी बघू, असं ठरलं. निघताना सर मला दोनदा सांगून गेले, "बाई, दाराजवळ बसा." तिसऱ्यांदा सांगायला जीपच्या पायरीवरून उतरून परत आले. मी हसले.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, साडेअकराच्या सुमाराला तो आवाज आला.

मी दाराजवळ नव्हते. मी फळ्यापाशी होते. ट्रक खालून गेला आणि या वेळी तो थांबेना. खिडकीचे गज वाजायला लागले. वरून भुरभुर काहीतरी माझ्या केसांत पडलं. माझे पाय वळले, खोटं कशाला बोलू, ते आधी दाराकडेच वळले. दोन पावलं गेले आणि मागे वळून पाहिलं.

एकोणचाळीस पोरं डोक्यावर दप्तरं धरून गप्प बसली होती.

"चला!" मी ओरडले. "बाहेर चला, उठा!"

एकही उठलं नाही. सगळ्यांचे डोळे दाराकडे. दारात कोणी नव्हतं. आज मंगळवार होता. सरांनी शिकवलं होतं, शिट्टी वाजेपर्यंत हलायचं नाही, आणि माझी गुणी पोरं हलत नव्हती. मी एकीला दंडाला धरून ओढलं, तर तिनं बाक घट्ट पकडलं. भिंतीतून फाटल्यासारखा आवाज आला. उरलेल्या पट्ट्या एकामागून एक तुटताना मी पाहिल्या. मी ओरडत होते आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. तोंडात बोटं घालून शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला. नुसती थुंकी आणि वारा. मला शिट्टी येत नाही. आम्हा मुलींना कुणी येऊच दिली नव्हती.

आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "फुर्रर्र!"

जमनी. ओठांचा चंबू करून, गाल फुगवून, नाकातून शेंबूड वाहतोय आणि ही तोंडानं सरांच्या शिट्टीची नक्कल करतेय. "फुर्रर्र! फुर्रर्र!"

सगळी पोरं उठली. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला. दार लहान, आपून लय, हळू चाल, नको भय. मी दारात उभी होते आणि ती माझ्या पोटाला घासून एकेक बाहेर जात होती, इतकी हळू, इतकी हळू, की मला वाटलं एकेकाला उचलून फेकावं. जमनी शेवटी. ती बाकं बघत होती, खाली वाकून वाकून. मी तिला काखोटीला मारलं आणि बाहेर उडी घेतली.

आम्ही मोहाखाली पोहोचलो, तोवर हलणं थांबलं होतं. सगळं शांत झाल्यावर, अगदी सावकाश, खिडकीवरचा स्लॅबचा पोपडा सुटला आणि दुसऱ्या रांगेवर पडला. दप्तराएवढा असेल, फार मोठा नाही. बाक मधोमध मोडलं.

बुधवारी सर आले तेव्हा त्यांना जीपमध्येच सगळं कळलं होतं. ते खोलीपाशी गेले, मोडलेलं बाक पाहिलं, आणि मोहाखाली येऊन बसले.

"मी पोरांना बसायला शिकवला, बाई," ते म्हणाले. "माझी भीती झाकायला शिट्टी केली. माझ्यावरच ठेवली. मी नसलो तर?"

"पण जमनीनं केलं ना सर."

"तिनं केला. मी नाय शिकवला."

त्यांनी शिट्टी गळ्यातून काढली, खिशात घातली, आणि उठून थेट बांबूच्या बेटाकडे गेले. त्या आठवड्यात कार्यानुभवाच्या तासाला साऱ्या शाळेनं बांबूच्या बारीक पेरांच्या शिट्ट्या केल्या. प्रत्येकाची स्वतःची, सुतळीत ओवलेली, गळ्यात. नियम बदलला. ज्याला आधी कळेल त्यानं वाजवायची, आणि ऐकलं की उठायचं. सरांची वाट बघायची नाही, बाईंची नाही, कुणाचीच नाही.

पुढचे पंधरा दिवस विचारू नका. ट्रक गेला, शिट्टी. मेघ गडगडला, शिट्टी. गुरुजींना ढेकर आली, तरी शिट्टी. शाळा दिवसातून सहा वेळा मोहाखाली. पाड्यातले एक वयस्कर गृहस्थ तक्रार घेऊन आले, की पोरी रस्त्यानं शिट्ट्या वाजवत फिरतात, हे काय चांगलं दिसतं? पोरीच्या जातीनं शिट्टी वाजवू नये.

कुणापुढे कधी मान वर न करणारे वारघडे सर त्या दिवशी चिडले. "मंग पोरीनं दबून मराचा कं, बाबा?" बोलून झाल्यावर स्वतःच्याच आवाजाला भिऊन दोन पावलं मागे सरकले. पण म्हातारा गेला. जाताना नातीसाठी एक शिट्टी मागून घेऊन गेला.

त्यांनी माझ्यासाठीही एक केली. वाजवायला शिकवली. तीन दिवस नुसता वारा, चौथ्या दिवशी वाजली. मी तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते.

पुढच्या जूनमध्ये त्यांच्या नेमणुकीचा आदेश आलाच नाही. असल्या कंत्राटी माणसांचे आदेश दरवर्षी नव्यानं यावे लागतात, आणि एखाद्या वर्षी येत नाहीत. कारण कोणी सांगत नाही. सोमवार आला, जीप आली, मागची पायरी मोकळी होती. पोरं दोन आठवडे रस्त्याकडे बघत राहिली. मोडलेली खोली बंद होती, माझा वर्ग आता कौलाखाली भरत होता.

श्रावणात एकदा ते आले. भिवंडीकडे गोदामात रखवालदाराचं काम मिळत होतं, त्यासाठी अनुभवाचा दाखला हवा होता. कार्यालयाबाहेर, अंगणातच उभे. आत गुरुजी लिहीत होते, 'कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण हे विषय समाधानकारकरीत्या शिकवले.' मी सही-शिक्का आणायला कार्यालयात गेले होते, माझा वर्ग एकटाच गणितं सोडवत होता.

आणि ट्रक गेला. खालून.

मी बाहेर धावले. सर अंगणाच्या मध्यावर होते. जुनी पत्र्याची शिट्टी त्यांच्या ओठांत होती, कधी खिशातून निघाली कोण जाणे. गाल फुगलेले. पण ते वाजवत नव्हते. डोळे विस्फारून लोटलेल्या दारांकडे बघत होते. असा भेदरलेला चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. कौलं खडखडत होती. माझी शिट्टी माझ्या हातात होती. त्यांनी हात आडवा करून मला थांबवलं. एक क्षण. आणखी एक.

मग आतून एक बारीक, किनरी शिट्टी वाजली. माझ्याच वर्गातून. मग दुसरी, मग शेजारच्या खोलीतून चार, मग साऱ्या शाळेतून. दारं उघडली आणि पोरं खांद्यावर हात ठेवून बाहेर आली. दार लहान, आपून लय. कोणी सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती त्यांच्या दोन्ही बाजूंनी मोहाखाली गेली.

सरांनी शिट्टी ओठांतून काढली. आणि ज्याला साधं आत बसून चहा प्यायला भीती वाटायची, तो माणूस पोरांच्या उलट दिशेनं, माझ्या वर्गाच्या दाराकडे चालू लागला. "सर!" मी ओरडले. ते आत गेले. वरून एक कौल घसरून दारातच फुटलं.

जमीन थांबली. सर बाहेर आले. पांढरे फटक, केसांत कौलाचा चुरा.

"सगळी बाकां बघली," ते म्हणाले. "कोनी नाय. वर्ग रिकामा हाय, बाई."

पोरं परत वर्गात जाईपर्यंत ते थांबले नाहीत, जीपची वेळ झाली होती. दाखला टेबलावरच राहिला होता. मी तो घेऊन रस्त्याकडे धावले. जीप सुटत होती, आत जागा होती आणि ते मागच्या पायरीवर उभे होते. त्यांनी कागद घेतला, न वाचता चौघडी करून खिशात टाकला. जीप हलली. तेव्हा वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, त्यांनी मला विचारलं, "बाई, आज मी पळालो नाय ना?"